नाकेबंदीचा अर्थ आणि उपयोग : अमेरिकन यादवी युद्ध

शत्रूची बंदरे आरमाराने रोखून तेथे कोणत्याही देशाचे जहाज जाऊ-येऊ न देणे म्हणजे नाकेबंदी. वेढा घालणाऱ्याला किल्ला किंवा शहर घ्यायचे असते. नाकेबंदी करणाऱ्याला मुख्यतः शत्रूचा व्यापार बुडवायचा असतो. साहजिकच तिची झळ तटस्थ देशांनाही लागते. म्हणून १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने अट घातली, की नाकेबंदी प्रत्यक्षात परिणामकारक असेल तरच ती बंधनकारक. बंदरासमोर जहाजेच नसतील, तर अशी ‘कागदी’ नाकेबंदी तटस्थांनी मानायचे कारण नाही.

एप्रिल १८६१ मध्ये अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेतील बंडखोर राज्यांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे ५,६०० किलोमीटरचा आणि हाताशी जहाजे मोजकीच. शिवाय कायद्याचा पेच होता. लिंकन यांच्या लेखी हे केवळ बंड होते. पण नाकेबंदी युद्धातच करतात. बंदरे नुसती बंद केली असती, तर भर समुद्रात परकी जहाजे अडवण्याचा हक्क मिळाला नसता. तो मिळाला, पण त्याची किंमतही मोजावी लागली : मे महिन्यात ब्रिटनने तटस्थता जाहीर केली आणि दक्षिणेला युद्धमान पक्ष मानले.

नासाऊ व बर्म्युडाहून निघालेली वेगवान आगबोटी रात्रीच्या अंधारात विल्मिंग्टन किंवा चार्ल्सटन गाठत. बहुतेक फेऱ्या यशस्वी होत. यावरून नाकेबंदी फसली असे काही अभ्यासक म्हणतात. हे गणित अपुरे वाटते. जी जहाजे निघालीच नाहीत, ती कोण मोजणार? वेगासाठी बांधलेल्या या बोटींत माल बेताचाच मावे. किनाऱ्यालगतची वाहतूक थांबल्याने सगळा बोजा रेल्वेवर आला, आणि झिजलेले रूळ बदलायला लोखंड मिळेना. अर्थात कापूस अडण्याचे सगळे श्रेय आरमाराचे नव्हे. ब्रिटनने मान्यता द्यावी म्हणून दक्षिणेने आरंभी स्वतःच कापूस रोखून धरला होता!

लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो कामगार बेकार झाले आणि ब्रिटिश व्यापारी भारतीय कापसाकडे वळले. मुंबईत कापसाचे भाव भडकले. त्या पैशावर नवनव्या बँका आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. बॅक बे कंपनीचे समभाग मातीमोल झाले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बडा दलालही त्यात बुडाला.