शाळेच्या नावाने आणलेले व्हायोलिन

सवलतीत घेतलेली वस्तू घरी आली की आनंद दुहेरी असतो. एक वस्तू मिळाल्याचा, दुसरा पैसे वाचल्याचा. पण वाचलेले पैसे कोणाच्या पदरचे, हा प्रश्न सणासुदीच्या दिवसांत सहसा कोणी विचारीत नाही. इंग्लंडातील शाळकरी मुलांच्या व्हायोलिनांची हकीकत मात्र तो विचारावयास लावते.

लंडनच्या आग्नेयेस केंट परगण्यात मेडस्टोन नावाचे गाव आहे. तेथील एका शाळेत १८९७ साली व्हायोलिनचा सामुदायिक वर्ग सुरू झाला. तोवर व्हायोलिन शिकावे ते ज्याच्या घरी शिक्षक येऊन शिकवी अशा सुखवस्तू घरच्या मुलाने. लंडनच्या मर्डोक या वाद्यविक्रेत्या कंपनीने या शाळेला स्वस्तातली व्हायोलिने पुरविली, आणि आईबापांनी आठवड्याला थोडे थोडे पेन्स देऊन त्यांची किंमत फेडावी असे ठरले. एरवी ज्या घरात असे वाद्य कधी आले नसते तेथे ते आले. १९०९ च्या सुमारास ५,००० हून अधिक शाळांतील सुमारे ४,००,००० मुले अशा रीतीने शिकत होती. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो मुले एकाच वेळी गज चालवीत, तो सोहळा पाहण्याजोगा असे. बोस्टनच्या आल्बर्ट मिचेल या संगीतशिक्षकांनी ही पद्धत इंग्लंडात पाहिली आणि १९११ साली आपल्या गावी तसेच वर्ग काढले.

मर्डोक मंडळी व्यापारीच होती. धर्मादाय काढून बसली नव्हती. चार लाख मुले वाजवू लागली म्हणजे वाद्ये खपणार, हे त्यांना कळत होते. पण हिशेब उघडा होता. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळे, मुलाला वाद्य मिळे, आणि तिसऱ्या कोणाच्या खिशाला चाट बसत नसे. शिवाय हप्ते फिटले की व्हायोलिन मुलाच्याच मालकीचे होई. शाळेच्या सवलतीने खाजगी वाद्य घेणे हे त्या काळी पाप नव्हते. योजनेचा हेतूच तो होता. संगीत काही शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही. घरी रियाज नसेल तर वर्गातला तास फुकट!

पुढे सवलतीचे स्वरूप पालटले. दोन महायुद्धांच्या काळात मेडस्टोनची चळवळ ओसरत जाऊन संपली. १ एप्रिल १९७३ पासून ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला. २०११ पासून त्याचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे. सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळांना वाद्यखरेदीवरील हा कर परत मिळू शकतो. म्हणून शाळेमार्फत वाद्य घेऊन ते विद्यार्थ्याला खरेदीच्या किमतीत, किंवा तीहून कमी किमतीत, विकण्याची सोय झाली. अटी मोजक्या आहेत. मूल शाळेत संगीत शिकत असावे; वाद्य हातात नेता येईल असे आणि त्या मुलाच्या गरजेला शोभेल असे असावे. ५०० पौंडांच्या वाद्यावर १०० पौंड वाचतात.

मात्र हे १०० पौंड कोणा व्यापाऱ्याच्या नफ्यातून आलेले नसतात. ते सरकारी तिजोरीतले, म्हणजे ज्याच्या घरी वाजविणारे कोणीच नाही त्या शेजाऱ्याचेही असतात. समजा, बापाला तरुणपणापासून गिटारची हौस आहे आणि मुलाच्या नावावर त्याने ती आणली. किंवा एखाद्या मास्तरांनी घरच्या मैफलीसाठी शाळेच्या कागदावर व्हायोलिन मागविले. दुकानदाराचे काही गेले नाही, शाळेचेही नाही; पण शेजाऱ्याचे गेले आणि त्याला विचारलेसुद्धा नाही. मुलाच्या गिटारवर संध्याकाळी बापाने दोन सूर छेडले तर त्यात काही वावगे नाही. वावगे आहे ते नाव एकाचे सांगून वाद्य दुसऱ्यासाठी घेण्यात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. करातली सूट किमतीबरोबर वाढते. २,००० पौंडांचे व्हायोलिन घेणाऱ्याचे ४०० वाचतात, १०० पौंडांचे घेणाऱ्याचे अवघे २०. आणि ज्याच्यापाशी १०० देखील नाहीत त्याला या सवलतीने काहीच दिले नाही. मेडस्टोनचे हप्ते नेमके त्याच्यासाठी होते. 'गरजेला शोभेल असे' ही अट म्हणूनच किरकोळ मानता येत नाही. ती मोडणारे वाढले की कागदपत्रे वाढतात, शाळा कंटाळतात आणि दार बंद होते. ते बंद झाल्याने बापाच्या हौसेचे फारसे अडत नाही; तो दुकानातून पुऱ्या किमतीला गिटार घेऊ शकतो. अडते ते त्या मुलाचे, ज्याच्या घरी एवढ्या एकाच दाराने वाद्य येणार होते.

मेडस्टोनच्या चिठ्ठीची जुनी व्हायोलिने अजूनही कोठे कोठे सापडतात. ती शाळेच्या नावाने घेतलेली होती आणि शाळकरी मुलांनीच वाजविलेली होती. सवलतीच्या प्रामाणिकपणाला याहून निराळी कसोटी लागत नाही.