दोन द्रवांमधील सीमा

पाण्यावर तेल ओतलें असतां दोहोंमधील सीमा डोळ्यांस लख्ख दिसते. गणितास मात्र ती फार छळते. संगणकावर प्रवाहाचें गणित करावयाचें म्हणजे सारें क्षेत्र बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें घरांत विभागावें लागतें, आणि सीमा तर घरांची पर्वा न करितां वळते, तुटते, पुन्हा जुळते. तिचा माग काढण्याच्या रीतींचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत हार्लो व वेल्श यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेली रीत सरळ होती. द्रवाबरोबर वाहणारे वजनरहित कण कल्पावे. जेथें कण, तेथें द्रव. परंतु असे असंख्य कण सांभाळावयास यंत्रांची स्मरणशक्ति तोकडी पडे. तेव्हां त्याच प्रयोगशाळेंतील हर्ट व निकोल्स यांनीं १९८१ सालीं निराळा उपाय मांडला. प्रत्येक घराला एकच संख्या द्यावी: भरलेल्यास १, रित्यास ०, आणि अपूर्णांक येईल तेथें सीमा. एका घरांतून गेलेला द्रव शेजारच्या घरांत जमा होतो. वाण्याच्या खतावणीप्रमाणें हिशेब चोख राहतो. पण घर निम्में भरलें एवढें कळलें, तरी कोणत्या बाजूनें भरलें हें कळत नाहीं. १९७६ सालीं नोह व वुडवर्ड यांनीं सीमा घराच्या भिंतींना समांतर मानिली होती; १९८२ सालीं यंग्ज यांनीं ती शेजारच्या घरांवरून तिरपी आंखली. तरीहि वक्रता नीट हातीं येईना, आणि पृष्ठताण तर वक्रतेवरच अवलंबून! ती चुकली कीं स्वस्थ थेंबाभोंवतींहि नसते प्रवाह उत्पन्न होतात.

१९८८ सालीं ओशर व सेथियन यांनीं प्रश्नाचें तोंडच फिरविलें. प्रत्येक बिंदूस सीमेपासूनचें अंतर द्यावें, एका बाजूस धन, दुसऱ्या बाजूस ऋण. शून्य येईल ती सीमा. १९९४ सालीं ससमन, स्मेरेका व ओशर यांनीं ही रीत दोन द्रवांच्या प्रवाहास लाविली. दोन थेंब मिसळले तरी निराळा नियम लागत नाहीं, आणि वक्रताहि सुबक मिळते. दोष एवढाच, कीं गणना लांबली म्हणजे बारीक थेंब नाहींसे होतात आणि खतावणींत तूट येते.

एका रीतीनें माप राखिलें, दुसरीनें रूप. २००० सालीं ससमन व पकेट यांनीं दोहोंची सांगड घातली. रूप अंतरावरून घ्यावें, माप अपूर्णांकावरून. त्यायोगें गणनेचे श्रम अर्थातच वाढले.

आमच्या मतें या इतिहासाचें मर्म येथेंच आहे. पटाचीं घरें मोजकीं आहेत तोंवर कांहींतरी सोडावें लागणारच. काय सोडलें हें जाणून न घेतां, केवळ थेंबाच्या सुंदर चित्रावर विश्वासून धरणाचा सांडवा किंवा एंजिनांतील इंधनाची फवारणी आंखणें धोक्याचें होय.