फी भरून घेतलेलं बँक खातं आणि सोबतचा विमा : पैसे वसूल होतात का?

रत्नागिरी : पासबुक भरायला किंवा पीक कर्जाच्या कामाला बँकेत गेलं की हल्ली काउंटरवर हमखास एक प्रश्न येतो, 'साधं खातं बदलून हे खातं घ्या की, पाच लाखांचा विमा फुकट आहे.' विमा फुकट असतो, पण खातं फुकट नसतं. वर्षाला काही रक्कम खात्यातून कापली जाते आणि ती बहुतेकांना पासबुक छापल्यावरच कळते. ही फी भरावी की नाही, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पण हिशेब सोपा आहे आणि तो घरबसल्या करता येतो.

विमा नेमका कशाचा?

खात्यासोबत किंवा एटीएम कार्डासोबत मिळणारा विमा बहुतेक वेळा फक्त अपघाताचा असतो. हृदयविकार, कावीळ, लेप्टो, कॅन्सर अशा आजाराने माणूस गेला तर त्यातून रुपया मिळत नाही. 'पाच लाखांचा विमा' हे शब्द ऐकून घरच्यांची समजूत मात्र अशी होते की, माणूस कसाही गेला तरी पैसे मिळणार. सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. त्यामुळे आधी विचारायचं ते हे, की विमा अपघाती आहे की जीवन विमा?

दुसरी गोष्ट, हा विमा गट विमा असतो. करार बँक आणि विमा कंपनीचा, खातेदार त्यात फक्त सामील असतो. करार दरवर्षी नव्याने होतो. कंपनी बदलू शकते, रक्कम कमी होऊ शकते, अटी वाढू शकतात. तीन वर्षांपूर्वी मिळालेला कागद आजही लागू असेलच असं नाही.

तिसरा मुद्दा बँक ठेवींच्या विम्याचा. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतची ठेव सुरक्षित राहते, ते संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून सगळ्या विमाधारक बँकांत लागू आहे. त्याचा हप्ता बँक भरते. त्यासाठी खातेदाराने वेगळी फी द्यायची नसते.

आधी स्वस्तातलं बघा

कोणत्याही बँकेत किंवा पोस्टात बचत खातं असलं की दोन सरकारी विमे घेता येतात. दोन्ही योजना मे २०१५ मध्ये सुरू झाल्या आणि हप्त्याचे सध्याचे दर १ जून २०२२ पासून आहेत.

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : वर्षाला ४३६ रुपये. १८ ते ५० वयात सामील व्हायचं, संरक्षण ५५ पर्यंत. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख. नव्याने सामील झाल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो.

दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये.

जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाख, त्याआधीच्या खात्यांना १ लाख. त्यासाठी वेगळा हप्ता नाही. पण अट आहे. अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड वापरलेलं असलं पाहिजे. कपाटात जपून ठेवलेल्या कार्डाचा विमा वेळेला कामाला येत नाही. इतर कार्डांनाही अशाच अटी असतात, दिवस मात्र बँकेप्रमाणे आणि कार्डाप्रमाणे बदलतात.

ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२३ पासून विमा कंपनी मधून काढून थेट शासन मदत देते. वय १० ते ७५, शेतकरी स्वतः आणि कुटुंबातला एक सदस्य, मृत्यूला २ लाख. सर्पदंश, वीज पडणं, झाडावरून पडणं हेही त्यात येतं. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा. आंबा काढणीला झाडावर चढणाऱ्या बागायतदारासाठी ही योजना बिनपैशाची आहे, तरी घरच्यांना तिची माहितीच नसते.

मिरकरवाडा, हर्णै, नाटे, जयगड इथल्या मच्छीमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख. चौकशी मच्छीमार सोसायटीत किंवा मत्स्य व्यवसाय कार्यालयात करावी.

दवाखान्याच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. त्यामुळे फीच्या खात्यात 'हॉस्पिटलचा रोजचा भत्ता' दाखवला तर तो जास्तीचा आधार म्हणून धरावा, मुख्य नव्हे.

हिशेब असा करा

उदाहरणादाखल धरू की, खात्याची वार्षिक फी ७५० रुपये आहे. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्षात ८८५ रुपये कापले जातात. त्यात ५ लाखांचा अपघात विमा आणि थोडे मोफत चेक, मोफत एसएमएस.

आता दुसऱ्या बाजूला बघा. २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतोच. म्हणजे वरच्या ३ लाखांसाठी ८६५ रुपये मोजले जातात. तुलनेसाठी, टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेने २०२२ मध्ये ३९९ रुपयांत १० लाखांचा गट अपघात विमा आणला होता. आजचा दर आणि अटी पोस्टात विचाराव्या लागतील, पण अपघात विमा मुळात किती स्वस्त पडतो ते यावरून कळतं. मोठी रक्कम हवी असेल तर 'सरल सुरक्षा विमा' ही सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकावी लागणारी एकसारखी पॉलिसी आहे, अडीच लाखांपासून पुढे.

म्हणून फीमधून विम्याची बाजारातली किंमत वजा करावी. उरलेले पैसे ज्या सोयींसाठी जातात त्या आपण खरंच वापरतो का? लॉकरवर सवलत, डीडी मोफत, जास्त चेक हे चिपळूणच्या व्यापाऱ्याला उपयोगी पडेल. संगमेश्वरच्या वाडीतल्या, महिन्यातून एकदा पैसे काढणाऱ्या आजीला नाही. तिला शून्य शिलकेचं मूलभूत बचत खातं पुरतं. त्यात एटीएम कार्डही विनाशुल्क मिळतं.

फी कोणाला परवडते?

दुचाकीवरून रोज मुंबई-गोवा महामार्गाने ये-जा करणारा, घरात एकटा कमावता आणि दुसरा कसलाच विमा नसलेला माणूस असेल तर मोठ्या रकमेचा अपघात विमा त्याला गरजेचा आहेच. तो खात्यासोबत स्वस्तात पडत असेल तर जरूर घ्यावा. निश्चित रकमेचे अपघात विमे एकापेक्षा जास्त असले तरी प्रत्येकाचा दावा वेगळा करता येतो.

शिक्षक, पोलीस, एसटी, महावितरण अशा नोकरदारांनी आधी आपल्या पगार खात्याची चौकशी करावी. अनेक बँका पगार खात्यावर फी न घेता मोठा अपघात विमा देतात. मात्र खातं बँकेच्या नोंदीत 'पगार खातं' म्हणून लागलेलं हवं. नुसता पगार जमा होतो म्हणून विमा लागू होत नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांनी वयाची अट वाचल्याशिवाय फी भरू नये. मुंबईतल्या चाकरमान्यांनी एक पाहावं, गावच्या आणि मुंबईच्या दोन्ही खात्यांतून २० आणि ४३६ रुपये कापले जात असतील तर दावा एकदाच मिळतो. एका खात्यातला हप्ता बंद करावा.

मे अखेरीला खातं रिकामं नको

सरकारी विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेच्या शेवटी आपोआप कापला जातो. नेमका तेव्हाच कोकणात हात आखडलेला असतो. पेरणी तोंडावर, शाळा उघडायच्या, १ जूनपासून मासेमारी बंद. खात्यात पैसे नसले की विमा बंद पडतो आणि कळतं ते दुर्घटना घडल्यावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ५०० रुपये खात्यात ठेवले तरी पुरे.

दावा अडतो कुठे?

- वाहन अपघात किंवा बुडून मृत्यू झाल्यास पोलिसात नोंद हवी. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल जपून ठेवावा.
- साप चावला, झाडावरून पडला तर लगेच दवाखान्यात न्यावं आणि केसपेपरवर कारण लिहून घ्यावं. ती नोंद नसेल तर पुढे दावा उभा राहत नाही.
- अर्ज ज्या शाखेतून हप्ता कापला तिथेच द्यायचा. सरकारी विम्याच्या आणि शेतकरी योजनेच्या अर्जासाठी ३० दिवसांची मुदत लक्षात ठेवावी.
- वारसाचं नाव खात्यावर आणि विम्याच्या अर्जावर, दोन्हीकडे हवं. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत वारस लावता येतात.

काउंटरवर विचारायचे प्रश्न

फी जीएसटीसकट किती? विमा अपघाती की जीवन? कोणत्या कंपनीचा, कोणत्या तारखेपर्यंत? कार्ड किती दिवसांत वापरलेलं हवं? वय किती चालतं? दावा किती दिवसांत? उत्तरं तोंडी नकोत, मराठीतला माहितीचा कागद मागावा.

विमा घेतल्याशिवाय खातं उघडणार नाही, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. न विचारता फी कापली गेली असेल तर शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, माहितीसाठी क्रमांक १४४४८. विमा कंपनीने दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं, विमा तक्रारींचा क्रमांक १५५२५५.

तूर्त एवढं करावं : पासबुक छापून आणावं, गेल्या मे अखेरीपासून २०, ४३६ किंवा दुसरी कुठली वार्षिक रक्कम कापली आहे का ते बघावं आणि त्या विम्यांची नावं, शाखा व वारस एका कागदावर लिहून घरातल्या दोघांना तरी दाखवून ठेवावं. घरच्यांना माहीत नसलेल्या विम्याचा दावा कोणी करत नाही.