हायड्रोजन पेरॉक्साइडाची विद्युत् रासायनिक निर्मिती : इतिहास

ऑक्सिजन वायूचे ऋणाग्रावर क्षपण करून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळविण्याची पद्धत. ऑक्सिजनाच्या एका रेणूने दोन इलेक्ट्रॉन व दोन हायड्रोजन आयन घेतल्यास हायड्रोजन पेरॉक्साइडाचा एक रेणू तयार होतो. चार इलेक्ट्रॉन व चार हायड्रोजन आयन घेतल्यास पाण्याचे दोन रेणू तयार होतात. पहिल्या विक्रियेचे प्रमाण विद्युत् वर्चस् ०·६९५ व्होल्ट, तर दुसरीचे १·२२९ व्होल्ट आहे. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने पाणी बनणेच अधिक अनुकूल असते. विक्रिया मध्यावर थांबवील असे विद्युत् अग्र शोधणे, हेच या पद्धतीच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

आरंभ : ल्वी झाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ मध्ये बेरियम पेरॉक्साइडावर अम्लाची विक्रिया करून हे संयुग प्रथम मिळविले. सल्फ्यूरिक अम्लाच्या विद्युत् विच्छेदनानेही ते मिळते, असे माइडिंगर यांना १८५३ मध्ये आढळले. या क्रियेत धनाग्रावर प्रथम पेरॉक्सिडायसल्फ्यूरिक अम्ल बनते, हे बेर्तलो यांनी १८७८ मध्ये दाखविले. याच मार्गाने १९०८ मध्ये ऑस्ट्रियातील व्हाइसेनश्टाइन येथे कारखाना सुरू झाला. पुढे सुमारे चार दशके विद्युत् विच्छेदनाने पेरॉक्साइड बनविणे म्हणजे धनाग्रावरील ही अप्रत्यक्ष क्रिया, असेच समीकरण होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणांतील पंप चालविण्यासाठी लागणारे संहत पेरॉक्साइडही याच मार्गाने तयार होत असे.

ऋणाग्रावरील निर्मितीचा शोध मात्र मोरिट्स ट्राउबे (१८२६–९४) यांच्याकडे जातो. ब्रेस्लौ येथे मद्याचा व्यापार सांभाळून खाजगी प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या ट्राउबे यांनी १८८२ मध्ये ऋणाग्राजवळ ऑक्सिजन खेळविला असता पेरॉक्साइड बनते, हे दाखविले. पेरॉक्साइड म्हणजे ऑक्सिडीभूत पाणी, ही तत्कालीन कल्पना होती. ट्राउबे यांच्या मते ते क्षपित ऑक्सिजन होते. पुढील काळात ऋणाग्रावरील विक्रियेच्या बाबतीत त्यांचीच दृष्टी ग्राह्य ठरली.

अडचणी व उपाय : सर्वांत मोठी अडचण ऑक्सिजनाच्या अल्प विद्राव्यतेची होती. २५° से. तापमानास हवेच्या सान्निध्यातील एक लिटर पाण्यात सु. ८ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो. त्यामुळे अग्राकडे पोहोचणारा ऑक्सिजन थोडा, आणि म्हणून उपयुक्त विद्युत् प्रवाहही क्षीण. फ्रान्झ फिशर व प्रीस यांनी १९१३ च्या सुमारास उच्च दाबाखालील ऑक्सिजन वापरून ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला. हेच फिशर पुढे कृत्रिम इंधनाच्या फिशर–ट्रॉप्श प्रक्रियेमुळे प्रसिद्ध झाले. दाब सहन करणारी पात्रे महाग असल्याने हा मार्ग उद्योगात रुजला नाही. एर्न्स्ट बेर्ल यांनी १९३९ मध्ये वेगळा उपाय मांडला. त्यांनी सक्रियित कार्बनाचे सच्छिद्र ऋणाग्र व अल्कधर्मी विद्राव वापरला. वायू, द्रव व घन अग्र एकत्र येतात अशा असंख्य जागा छिद्रांत निर्माण झाल्याने विद्राव्यतेचे बंधन सैल झाले. आजच्या वायु-विसरण अग्रांचे तत्त्व हेच आहे.

तथापि याच सुमारास जर्मनीत रीडल व फ्लायडरर यांनी अँथ्राक्विनोन प्रक्रिया विकसित केली. तीत अल्किल अँथ्राक्विनोनाचे प्रथम हायड्रोजनीकरण व नंतर हवेने ऑक्सिडीकरण करतात आणि बनलेले पेरॉक्साइड पाण्याने वेगळे काढतात. मोठ्या प्रमाणावर ही रीत फार स्वस्त पडल्याने महायुद्धानंतर विद्युत् विच्छेदनाचे कारखाने क्रमाक्रमाने मागे पडले.

अग्रांचा अभ्यास : उद्योगाने पाठ फिरविली, तरी मूलभूत संशोधन थांबले नाही. यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांच्या ध्रुवालेखनात (१९२२) ठिबकत्या पाऱ्याच्या अग्रावर ऑक्सिजनाचे दोन पायऱ्यांनी क्षपण होताना स्पष्ट दिसे : प्रथम पेरॉक्साइड, नंतर पाणी. १९५९ मध्ये फ्रुमकिन, नेक्रासोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरती चकती व तिच्याभोवती कडे अशी रचना केली. चकतीवर बनलेले पेरॉक्साइड कड्यावर तत्काळ मोजता येत असल्याने निरनिराळ्या द्रव्यांची तुलना शक्य झाली. प्लॅटिनम ऑक्सिजनाच्या दोन अणूंमधील बंध तोडते व मुख्यत्वे पाणी देते. पारा व कार्बन तो बंध बहुधा टिकवितात. सोन्याचे वर्तन विद्रावाच्या अम्लतेवर व स्फटिकपृष्ठावर अवलंबून असते.

पुनरुज्जीवन : कागद उद्योगात लगद्याच्या विरंजनासाठी अल्कधर्मी पेरॉक्साइडच लागते, तेव्हा ते कारखान्यातच बनविणे सोयीचे. या हेतूने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ओलोमन व वॉटकिन्सन यांनी १९७० नंतरच्या दशकात कार्बनाच्या थरातून द्रव व वायू एकत्र पाझरणाऱ्या घटांचा अभ्यास केला. डाऊ व ह्यूरॉन या कंपन्यांनी या प्रकारच्या घटांना पुढे व्यापारी रूप दिले. २०१३ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांच्या पुढाकाराने संगणकीय गणितावरून प्लॅटिनम–पारा मिश्रधातूचे भाकीत करण्यात आले व ते प्रयोगाने खरे ठरले. पाऱ्याने वेढलेल्या एकाकी प्लॅटिनम अणूवर ऑक्सिजनाचा रेणू एकाच टोकाने बसतो, त्यामुळे त्याचा बंध तुटत नाही. मात्र पाऱ्याची विषाक्तता ही या अग्राची उणीव आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठात घन विद्युत् विच्छेद्य व कार्बन उत्प्रेरक वापरून क्षारविरहित शुद्ध विद्राव मिळविण्यात आला. त्याची संहती वजनाने २० टक्क्यांपर्यंत नेता आली.

मूल्यमापन : फॅराडे यांच्या नियमानुसार १ किग्रॅ. पेरॉक्साइडासाठी सु. १,५७६ अँपिअर-तास विद्युत् भार लागतो. घटावर २ व्होल्ट दाब असल्यास ही ऊर्जा सु. ३·२ किलोवॉट-तास होते. निम्मा प्रवाह पाणी बनविण्यात गेल्यास खर्च दुप्पट होतो. म्हणून अग्राची निवडक्षमता हाच आर्थिक निकष ठरतो. जगातील बहुतेक पेरॉक्साइड आजही अँथ्राक्विनोन प्रक्रियेनेच बनते. पण ती प्रक्रिया मोठ्या कारखान्यांतच परवडते. तिचे संहत उत्पादन दूरवर न्यावे लागते आणि अशुद्धीच्या संपर्काने त्याचे विघटन होऊन उष्णता व ऑक्सिजन वेगाने बाहेर पडण्याचा धोका असतो. जलशुद्धी व निर्जंतुकीकरण यांसाठी सौम्य विद्राव पुरतो. तो गरजेच्या जागी हवा, पाणी व वीज यांपासून बनविता आल्यास दूरच्या लहान वस्त्यांनाही उपलब्ध होईल. ट्राउबे यांच्या प्रयोगाचे आजचे महत्त्व या शक्यतेत आहे.