पी हळद अन् हो गोरी? हळद, मुरांबा-जॅम आणि चमच्याचा हिशेब

थेरगावात प्रॅक्टिस करताना काही प्रश्न ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यातला हा एक.

सहा वर्षांच्या मुलीला घेऊन एक ताई आल्या होत्या. मुलगी चटकन दमते, चेहरा फिकट. हिमोग्लोबिन 9.2. या वयात ते किमान 11.5 असायला हवं. डब्यात काय देता, असं विचारल्यावर त्या जरा ओशाळल्या. "सर, ह्यांची फर्स्ट शिफ्ट असते, मलाही आठला कंपनीची बस. मग ब्रेड-जॅमच जातो बऱ्याचदा. पण आता बंद करते. मोबाईलवर वाचलं, हळदीत जॅमच्या शंभरपट लोह असतं. रोज दुधातून चमचाभर हळद सुरू करू का?"

गंमत म्हणजे त्यांनी वाचलेला आकडा खोटा नव्हता, निष्कर्ष मात्र चुकीचा होता. ही चूक कुठे होते हे समजायला हळद आणि गोड मुरांबा-जॅम आपल्या ताटात कसे आले, ते थोडं पाहावं लागेल.

हळद : चिमटीची वस्तू

महाराष्ट्रात हळद म्हटलं की सांगली. शेतातून काढलेली हळद शिजवायची, वाळवायची, घासून चकाकी आणायची, मग ती हळकुंडं बाजारात येतात. सांगलीजवळ हरिपूरला ती साठवायला जमिनीत खोल पेवं खोदलेली असत. पेव बंद झालं की आत हवा खेळत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं निकामी झाली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही ते मिळालं होतं.

एवढं मोठं पीक, पण स्वयंपाकघरात ते चिमटीनंच वापरलं जातं. फोडणीत, वरणात, लोणच्यात, जखमेवर, हळदीकुंकवात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला. वाटीभर हळद कोणी कधी खाल्ली नाही. आपल्या आजी-पणजीनं हळदीला अन्न मानलंच नाही. ती रंगाची, चवीची, टिकवण्याची आणि थोडी औषधाची वस्तू होती.

हळदीचा खटला जिंकला, म्हणजे काय सिद्ध झालं?

1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. पुढच्या वर्षी भारताच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जे त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला 1953 चा लेख असे पुरावे सादर झाले आणि 1997 मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

हा विजय अभिमानाचाच आहे. पण हा वाद "हे ज्ञान नवीन आहे का?" एवढ्याच मुद्द्यावर होता. भारतात ते आधीपासून माहीत होतं, हे सिद्ध झालं. हळद खाल्ल्याने कोणता आजार बरा होतो किंवा तिच्यातून किती पोषण मिळतं, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. त्यानंतर मात्र हळदीच्या नावावर वाट्टेल ते दावे खपू लागले. गोळ्या, कॅप्सूल, "गोल्डन मिल्क" सगळंच आलं.

हळदीतला पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. फ्रान्समध्ये 1815 सालीच तो वेगळा काढला गेला. हळदीच्या पुडीत तो साधारण 3 टक्के असतो आणि नुसता घेतला तर रक्तात फारच कमी पोचतो. 1998 मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी त्याच्यासोबत काळी मिरीतला पिपेरीन घटक देऊन पाहिला, तेव्हा तो रक्तात कितीतरी जास्त पोचला. मात्र जास्त शोषण म्हणजे जास्त फायदाच, असं समजू नका. तीव्र स्वरूपाच्या हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. फोडणीतल्या हळदीला ही भीती नाही.

मुरांबा : बरणीतली वस्तू

आता गोडाकडे येऊ. मुरांबा हा शब्द अरबी-फारसी मुरब्ब्यावरून आला. आपण त्याला साखरांबा, गुळांबा अशी भावंडं दिली. या सगळ्यामागचं तत्त्व एकच: साखर इतकी घालायची की जंतूंना वाढायला पाणीच उरू नये. म्हणजे साखर इथे चवीइतकीच टिकाऊपणासाठी असते.

पूर्वी साखर महाग होती, म्हणून मुरांब्याची बरणी वरच्या फळीवर असे आणि पानात वाढला जाई तो चमचाभर. 1932 मध्ये देशी साखर उद्योगाला सरकारी संरक्षण मिळालं. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले. साखर रोजची झाली आणि बरणी खालच्या फळीवर आली.

कारखाना आणि ब्रेड-जॅम

इंग्लंडमध्ये हे आपल्या आधी घडलं होतं. तिथे 1874 मध्ये साखरेवरचा आयातकर रद्द झाला आणि कारखान्यात बनलेला स्वस्त जॅम कामगारांच्या घरात शिरला. आई गिरणीत, चूल पेटवायला वेळ नाही, सरपण महाग. पाव आणि जॅम हे गरीब मुलांचं जेवणच होऊन बसलं. पोट भरायचं, पण प्रथिनं आणि लोह मिळायचं नाही.

आता आपल्या भागाकडे पाहा. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात एमआयडीसीसोबत मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले. पवनेकाठचं थेरगाव हे शेतीचं गाव चाळींनी आणि मग सोसायट्यांनी भरून गेलं. गावाकडची माणसं तीन शिफ्टमध्ये काम करू लागली. 1965 मध्ये मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी निघाली आणि कापलेला ब्रेड शहरांत ओळखीचा झाला. पहाटेच्या बसच्या वेळेत भाकरी थापणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून डब्यात ब्रेड-जॅम दिसला की मी आईला दोष देत नाही. तो घड्याळाचा परिणाम आहे, आळसाचा नाही.

आता हिशेब करू

100 ग्रॅम हळदीत साधारण 50 मिलिग्रॅम लोह असतं. 100 ग्रॅम जॅममध्ये जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. शंभरपट, बरोबर. पण 100 ग्रॅम हळद कोण खातं?

- चौघांच्या घरात दिवसभरात एक छोटा चमचा, म्हणजे 3 ग्रॅम हळद धरू. माणशी पाऊण ग्रॅम. त्यातून लोह सुमारे 0.4 मिलिग्रॅम.
- दोन स्लाइसना लावलेला 20 ग्रॅम जॅम. त्यातून लोह 0.1 मिलिग्रॅम.
- मुलीची रोजची गरज 11 मिलिग्रॅमच्या आसपास.

शंभरपटीचा फरक चारपटीवर आला आणि दोन्ही आकडे गरजेपुढे नगण्य ठरले. त्यातही वनस्पतींतल्या लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. चमचाभर हळद रोज दुधातून दिली तरी अ‍ॅनिमिया बरा होणार नाही, शिवाय दूध स्वतःच लोहाचं शोषण कमी करतं. "पी हळद अन् हो गोरी" ही म्हण आपल्याकडे उतावळेपणाची थट्टा करायलाच वापरतात. म्हणीला जे कळलं, ते मोबाईलवरच्या मेसेजला कळलेलं नाही.

जॅमचं खरं दुखणं वेगळं आहे. नियमाप्रमाणे जॅममध्ये फळ किमान 45 टक्के असावं लागतं. स्ट्रॉबेरी असेल तर 25 टक्केही चालतं. बाकी बहुतेक साखर. 20 ग्रॅम जॅममधून सुमारे 13 ग्रॅम साखर आणि 55 कॅलरी मिळतात. या वयाच्या मुलीसाठी वरून घातलेली साखर दिवसाला 34 ग्रॅमच्या आत असावी, आणि त्याच्या निम्मी असली तर उत्तम. म्हणजे डब्यातच मोठा वाटा संपला. बिस्किटं आणि सरबत अजून बाकी. घरचा मुरांबाही याच हिशेबात मोडतो. गुळांब्यात लोह थोडं जास्त, पण चमचाभरातून फारसं हाती लागत नाही.

मग करायचं काय?

1. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं लोहाचं औषध पूर्ण मुदतीपर्यंत द्या. अन्नाने ते टिकतं, पण आधी भरून काढायला औषधच लागतं. 5 ते 9 वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात आठवड्याला एक गुलाबी गोळी मिळते. शाळेत चौकशी करा आणि वेगळं औषध चालू असेल तर आम्हाला सांगा.
2. डब्यासाठी रात्रीच तयारी: मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू, मेथीचा ठेपला, शेंगदाण्याची चटणी-पोळी, खात असाल तर उकडलेलं अंडं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणासोबत चहा नको.
3. जॅम आठवड्यातून एखाद्या दिवशी, पातळ लावून. बंदीची गरज नाही.
4. हळद फोडणीत नेहमीसारखी. फार भडक पिवळी, सुटी हळद टाळा. रंग खुलवण्यासाठी शिसं असलेलं रसायन मिसळल्याचे प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर सापडले होते, आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांना अ‍ॅनिमिया आढळला. म्हणजे ही एका ताईंची गोष्ट नाही. तुमचं मूल चटकन दमत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर हळदीचा डबा उघडण्याआधी एक साधी रक्ततपासणी करून घ्या.