एक बोगदा, अनेक टोकं: ओळख कशावरून?

मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. टोक एकच, म्हणून ओळख सोपी: भिऱ्याचा बोगदा. इंटरनेटचे ‘टनेल’ही असेच ओळखायचे. डिसेंबर २००१ च्या आरएसव्हीपी-टीई नियमांत शेवटच्या राउटरचा पत्ता हा ओळखीचाच भाग होता.

पण लाइव्ह मॅचची एकच प्रत निघून वाटेत फाटे फुटत मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीला, नाशिकला, नागपूरला जाणार असेल, तर? पत्ता कुणाचा लावायचा? आणि तेच टोक मधेच गळालं, तर?

मे २००७ च्या आरएफसी ४८७५ नं टोकाच्या पत्त्याऐवजी ३२ बिटांचा स्वतंत्र क्रमांक दिला. सोबत टनेल क्रमांक आणि हवा तर उगमाचा पत्ता. आता फांद्या येवोत-जावोत, झाड तेच राहतं!