टेबलक्लॉथ, गोल टेबलावरील

गोल जेवणाच्या टेबलावर अंथरायचे, बहुधा गोल आणि प्रसंगी चौकोनी कापड. टेबल झाकणे, डाग-ओरखड्यांपासून ते जपणे, भांड्यांचा खडखडाट कमी करणे आणि जेवणाची जागा शोभिवंत करणे हे त्याचे उपयोग लांबट टेबलावरच्या कापडासारखेच आहेत. वेगळेपण आहे ते कडेचे. मागावरचे कापड उभ्या-आडव्या सरळ धाग्यांचे असते आणि टेबलाची कड गोल असते. माप, शिवण, नक्षी यांतल्या बहुतेक अडचणी या एका विसंगतीतून निघतात. त्यामुळे रंग निवडण्याआधी कड कशी पडणार, हे ठरवावे लागते. दुकानात मात्र नेमके उलटे घडते.

माप : टेबलाच्या कडेपासून खाली लोंबणाऱ्या भागाला येथे झूल म्हटले आहे. टेबलाच्या व्यासात झुलीची दुप्पट मिळवली की कापडाचा व्यास मिळतो. चार माणसांच्या, 48 इंच (सुमारे 122 सेंमी) व्यासाच्या टेबलाला 12 इंच झूल हवी असेल, तर कापड 72 इंचांचे लागते. झूल दोन्ही बाजूंना पडते याचा विसर पडून 60 इंचांचे कापड घरी आणणारे पुष्कळ असतात. टेबलाची उंची साधारणपणे 75 सेंमी आणि खुर्चीच्या बैठकीची 45 सेंमी असते. म्हणून 12 इंचांची झूल बैठकीच्या पातळीपर्यंत येते. त्याहून खाली गेलेले कापड मांड्यांवर गोळा होते आणि उठताना खुर्चीत अडकते. रोजच्या वापराला 6 ते 8 इंच पुरतात, पाहुण्यांच्या जेवणाला 10 ते 12. घरात रांगते मूल असेल, तर झूल जितकी आखूड तितकी बरी. ओढायला हाती काही लागत नाही.

झुलीच्या चुण्यांमागे भूमितीची एक गंमत आहे. कापडाचा घेर टेबलाच्या घेरापेक्षा जितका जास्त, तितके कापड चुण्यांत जिरते आणि हा जादा घेर केवळ झुलीवर अवलंबून असतो, टेबलाच्या आकारावर नाही. 12 इंचांच्या झुलीला तो सुमारे 75 इंच भरतो. टेबल 36 इंचांचे असो वा 72. पण 36 इंची टेबलाचा स्वतःचा घेर जेमतेम 113 इंच असल्याने चुण्या दाटीने पडतात, तर 72 इंची टेबलाच्या 226 इंचांत त्या पसरट होतात. छोट्या टेबलावर लांब झूल अवजड दिसते ती यामुळे.

चौकोनी कापड गोल टेबलावर घातले, तर कडा आखूड आणि कोपरे लांब लोंबतात. 48 इंची टेबलावर 54 इंचांचा चौकोन टाकल्यास कडेच्या मध्याशी झूल 3 इंच, तर कोपऱ्याशी 14 इंचांच्या आसपास येते. हे चांगलेच दिसते. मात्र 72 इंची चौकोनाचे कोपरे जवळजवळ 27 इंच खाली येतात, म्हणजे जमिनीपासून वीतभरसुद्धा वर राहत नाहीत, आणि खुर्च्या सरकवताना पायाखाली येतात.

शिवण : गोल टेबलक्लॉथ विकत आणण्यापेक्षा शिवून घेणे आपल्याकडे सोपे पडते; फक्त पन्ह्याकडे लक्ष हवे. 72 इंचांचा गोल कोणत्याही नेहमीच्या पन्ह्यात बसत नाही, म्हणून जोड अटळ असतो. दोन तुकडे मध्यावर जोडले, तर शिवण टेबलाच्या ऐन मधोमध येते आणि कायम डोळ्यांत खुपते. मध्ये पूर्ण पन्हा ठेवून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडाव्यात. पन्हा 54 इंचांचा असेल, तर जोड मध्यापासून साडेसव्वीस इंचांवर येतो. 48 इंची टेबलाची कड 24 इंचांवरच संपते. म्हणजे शिवण झुलीत उतरते आणि चुण्यांत दडते. 44 इंची पन्ह्यात तीच शिवण कडेच्या आत, ताटाखाली येते. कापड दोन्ही वेळा पावणेचार ते चार मीटरच लागते. तेव्हा मोठ्या पन्ह्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत.

सुती कापड आधी धुऊन, वाळवून मग कापावे, कारण पहिल्या धुण्यात ते आटते. जोडलेल्या कापडाची चौघडी घालून, मध्याच्या कोपऱ्याशी दोरीचे एक टोक धरायचे आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून पावगोल आखायचा. छत्रीकट परकर बेततात तसेच. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. गोल कापडाचा काही भाग उभ्या-आडव्या धाग्यांवर लोंबतो, तर त्यांच्यामधला चार ठिकाणचा भाग उरेब पडतो. उरेब कापड स्वतःच्या वजनाने ताणते. म्हणून कापल्यावर ते रात्रभर टेबलावर तसेच पसरून ठेवावे आणि सकाळी जमिनीपासून पट्टीने मोजून खाली उतरलेला भाग छाटावा. दुमड अर्ध्या सेंटिमीटरच्या जवळपासच ठेवावी, कारण रुंद दुमड गोलावर गोळा होते आणि कड वळते. उरेब पट्टीचा गोट लावणे सर्वांत सुबक. 72 इंची कापडाला तो सुमारे पावणेसहा मीटर लागतो.

कापड व नक्षी : मऊ, मध्यम वजनाचे सुती कापड सर्वांत सोयीचे. जाड खादी किंवा पडद्याचे कापड झुलीत पडत नाही, ते फुगून उभे राहते. लिननची पडण उत्तम, पण इस्त्रीची कटकट मोठी. पॉलिएस्टरला सुरकुती पडत नाही, मात्र सांडलेले पाणी ते शोषत नाही, तर मांडीकडे पाठवते. बाजारात मीटरवर मिळणारे पीव्हीसीचे कापड विणलेले नसल्याने त्याचे धागे सुटत नाहीत. कात्रीने गोल कापले की काम झाले. गरम पातेले टेकले, तर त्यावर ठसा उमटतो तो कायमचा.

उभ्या पट्ट्यांचे कापड गोल टेबलावर शक्यतो टाळावे. टेबलाला लांबी-रुंदी नसताना पट्ट्या ती दाखवतात आणि काटकोनात बसलेल्यांना वेगवेगळे टेबल दिसते. चौकडा चालतो. साड्यांच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. इरकल किंवा पैठणीचा काठ सरळ विणलेला असतो. तो गोल कडेला वळवायचा, तर चुण्या किंवा काप घालावे लागतात आणि काठाची शोभा जाते. अशा साडीचा, किंवा मूळच्याच कमी पन्ह्याच्या खणाचा, चौकोनी वरपोश करावा आणि तो साध्या गोल कापडावर तिरपा टाकावा. 48 इंची टेबलावर 34 इंचांच्या चौकोनाचे कोपरे बरोबर कडेशी येऊन थांबतात. काठ सपाट राहतो.

क्रोशाचे काम या सगळ्याला अपवाद आहे. ते मध्यापासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी वाढते. त्याला उभा-आडवा धागाच नसतो, म्हणून गोल टेबलाशी त्याचे जन्मजात जमते. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजवलेला हा उद्योग घरोघरच्या बायकांच्या हातांवर चालत आला. मारिया मीस यांच्या 1982 सालच्या अभ्यासाने त्या बायकांची तुटपुंजी मजुरी जगापुढे आणली. गोव्यातील ख्रिस्ती घरांतही क्रोशाचे टेबलपोश दिसतात. महाराष्ट्रातील घरांत हेच कसब टीव्ही-रेडिओवरच्या रुमालांत खर्ची पडले. क्रोशाच्या जाळीखाली गडद, साधे कापड घातल्यावरच नक्षी उठून दिसते. पांढऱ्यावर पांढरे वाया जाते.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन युरोपात पांढरे लिनन हे श्रीमंतीचे लक्षण होते. लिओनार्दो दा विंचीच्या ‘द लास्ट सपर’ या चित्रातल्या (सुमारे 1495–98) लांब टेबलावरच्या कापडात घड्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात. त्यामुळे घडीची रेघ दिसणे म्हणजे गबाळेपणा, हा समज फार जुना नसावा. पुढे फ्लँडर्स आणि हार्लेम येथील विणलेल्या नक्षीचे डमास्क नावाजले आणि 1804 मध्ये पेटंट मिळालेल्या जाकार मागाने अशी नक्षी विणणे पुष्कळ सोपे केले. लंडनच्या रॉबर्ट जूप याने 1835 मध्ये फिरवताच पाकळ्यांसारखे उघडून मोठे होणारे गोल टेबल पेटंट केले. त्या टेबलाला अर्थातच लहान-मोठे कापड वेगवेगळे लागे. व्हिक्टोरियन लोक टेबलाचे पाय लाजेखातर झाकत, ही सांगोवांगीची गोष्ट मात्र खरी धरू नये. तिचे मूळ मॅरिएट या लेखकाच्या 1839 च्या अमेरिका-वृत्तांतातील पियानोच्या झाकलेल्या पायांपर्यंत जाते, इंग्लंडच्या दिवाणखान्यांपर्यंत नाही.

मुंबईच्या इराणी हॉटेलांतील चौकड्याचे कापड आणि त्यावर काच ही जोडी प्रसिद्ध आहे. घरी तिची नक्कल करताना काच अधूनमधून उचलून कापड वाळवावे. ओल अडकली की बुरशी धरते. मंगल कार्यालयांचे गणित वेगळे. तेथे पाच फुटी टेबलाला आठ आणि सहा फुटीला दहा खुर्च्या लागतात, आणि 120 व 132 इंची कव्हरे थेट जमिनीला टेकवतात, कारण प्लायवूड आणि घडीचे लोखंडी पाय झाकायचे असतात. त्यावर चकचकीत सॅटिन आणि खुर्च्यांना फुगे बांधणे हा डेकोरेटरचा हौशी हट्ट. घरात तो आणू नये.

मांडणी : कापडाखाली फ्लॅनेलचे अस्तर टेबलाच्या मापाचेच घालावे. कापड सरकत नाही आणि भांडी वाजत नाहीत. गोल टेबलावर सगळे एकमेकांना दिसतात हे त्याचे मुख्य सुख; म्हणून मध्यावरची फुले बसलेल्या माणसाच्या हनुवटीपेक्षा वर जाऊ देऊ नयेत. लांबट पट्टी (रनर) गोलावर टाकल्यास तिच्या दोन्ही टोकांशी बसणाऱ्यांचीच सोय होते. तिच्याऐवजी लहान गोल रुमाल बरा.

निगा : मराठी जेवणात खरा शत्रू हळद आहे. तिच्यातला रंग, कर्क्युमिन, पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून फोडणीचा शिंतोडा नुसत्या पाण्याने पसरतो. साबण लावताच डाग लालसर होतो, तो क्षारामुळे. घाबरून आणखी घासू नये. साबणाने तेल काढून कापड कडक उन्हात वाळवले, की उन्हाने हा रंग विटतो आणि दोनतीन धुण्यांत डाग बहुतेक नाहीसा होतो. डाळ-अंड्याचा डाग आधी गार पाण्याने धुवावा, कारण गरम पाण्याने प्रथिने कापडात पक्की बसतात. वाळत घालताना गोल कापड कडेला एकाच ठिकाणी चिमटे लावून टांगू नये, उरेब भाग पुन्हा ताणतो. दोरीवर मधोमध टाकावे. इस्त्री मध्यापासून कडेकडे करावी आणि कापड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवावे.